चकलीला गाडी लागते

पुण्यात स्कूटरवरचा कुत्रा बघावा. हँडल आणि सीट यांच्या मधल्या ज्या जागेत एरवी गॅसचा सिलिंडर, मंडईची पिशवी किंवा बालवर्गातलं पोर उभं असतं, तिथे तो उभा असतो. पुढचे पंजे हँडलवर, कान वाऱ्यावर आणि चेहऱ्यावर नुकत्याच निवडून आलेल्या नगरसेवकाचं समाधान. नळस्टॉपच्या सिग्नलला तो शेजारच्या रिक्षातल्या माणसाकडे अशा नजरेने बघतो, की आपलंच काही चुकलंय का, असं त्या माणसाला उगाच वाटू लागतं. मागे हॉर्न वाजतात, बाजूने सायलेन्सर काढलेली बुलेट जाते, समोरून उलट्या दिशेने एक काका येतात. कुत्रा ढिम्म.

आता त्याच सिग्नलला काचा बंद केलेल्या एखाद्या मोटारीत डोकवा. मागच्या सीटवर खास मागवलेली गादी, एसीचा गारवा, डोकं ठेवायला मालकिणीची मांडी. एवढं सगळं असून त्याचा जातभाई थरथरतोय, धापा टाकतोय आणि मालकिणीच्या कुर्त्यावर लाळेने महाराष्ट्राचा नकाशा काढतोय.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. स्कूटरवाल्याला समोरचा रस्ता दिसतो. वळण येतंय हे त्याच्या डोळ्यांना आधी कळतं, अंगाला नंतर. मोटारीत मागे बसलेल्याला फक्त पुढच्या सीटची पाठ दिसते. डोळे म्हणतात, आपण एका जागी बसलोय. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं, छे, आपण डावीकडे वळतोय. मेंदूला दोघांचंही खरं वाटतं आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. पिल्लांच्या कानातलं हे यंत्र अजून पुरतं तयारही झालेलं नसतं. म्हणून लहानपणी गाडी लागणारे बरेच कुत्रे वर्षभराचे झाले की आपोआप सुधारतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्यावरून आमच्या घरात पुढे बरंच राजकारण झालं.

तेव्हा कुत्र्याला स्कूटरवरूनच न्या, असं मी सुचवत नाहीये. एक करकचून ब्रेक, की नगरसेवकाचं पोस्टर थेट पुढच्या पीएमपीच्या पाठीवर.

खरं तर आपल्या परंपरेत कुत्रा हा पादचारीच. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात, ते जमिनीवर. खंडोबा घोड्यावर असतो, कुत्रा घोड्याबरोबर पळत. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, दोघंही पायीच. कुत्र्याला वाहनात बसवायचा प्रश्न आला तो महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात. इंद्र रथ घेऊन उभा आणि युधिष्ठिर अडून बसला, की कुत्रा येणार असेल तरच मी येतो. इंद्राने बराच वाद घातला. ही युधिष्ठिराची परीक्षा होती असं आपल्याला शाळेत शिकवलं. आमची कुत्री चकली घरात आल्यापासून मला इंद्राची बाजू समजू लागली आहे. रथ त्याचा होता, रथातली गादी त्याची होती. आणि त्या कुत्र्याला तर कुणी विचारलंच नाही. हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत बिचारा चालत आला, एका शब्दाची तक्रार नाही. रथात चढायची वेळ आली तेव्हा मात्र आपण साक्षात धर्म असल्याचं जाहीर करून त्याने स्वतःची सुटका करून घेतली.

आमच्या चकलीला ती सोय नाही. ती आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात जन्मली, जातीने शुद्ध गावठी. हल्ली याला इंडी म्हणायचं असतं, असं माझ्या मुलीने बजावलंय. नाव शेपटीवरून पडलं. मन स्वस्थ असलं की शेपटीला दीड वेटोळं असतं. काळजी वाटू लागली की वेटोळं सुटत जातं, आणि शेपटी पूर्ण सरळ होऊन पोटाखाली गेली की पाच मिनिटांत काहीतरी बाहेर येणार हे नक्की. हवामान खात्याची शिमला ऑफिसची वेधशाळा आमच्यापासून फार लांब नाही, पण अंदाजाच्या बाबतीत आमचा भरवसा शेपटीवर जास्त.

घरात गाडी लागणारी चकली पहिली नव्हे. तो मान नवऱ्याच्या आत्याचा. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आमचं मूळ गाव वाईकडचं. म्हणजे आत्यांचं निम्मं आयुष्य स्वारगेट ते वाई या एसटीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, डोळे मिटून गेलेलं. जुन्या कात्रज घाटाचं प्रत्येक वळण त्यांना पोटाने पाठ आहे. त्यांच्या पर्समध्ये आजही पूर्ण तयारी असते: आवळासुपारी, आलेपाक, अर्धं लिंबू, ॲव्होमिनची पट्टी, आणि घड्या घालून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पोटावर वर्तमानपत्र बांधलं की गाडी लागत नाही, हा उपायही त्यांनी अनेक वर्षं केला. कुठलं वर्तमानपत्र जास्त लागू पडतं यावर त्यांची मतं आहेत, पण ती छापण्यासारखी नाहीत.

आणि त्यांच्या पुढच्या सीटवर बसून गाडी चालवतो माझा नवरा. एरवी मऊ माणूस. पण स्टिअरिंगला हात लागला की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरते, मागच्या खेपेपेक्षा दहा मिनिटं आधी पोचणं. पुणे ते वाई नव्वद किलोमीटरच्या आतलं अंतर. एवढ्याशा प्रवासात मध्ये थांबणं म्हणजे त्याच्या लेखी तह करणं. आत्या मागून क्षीण आवाजात म्हणायच्या, "बाबू, जरा बाजूला घेतोस का रे?" की ठरलेलं उत्तर यायचं, "आलंच आत्या, पाच मिनिटं." खेड-शिवापूरला म्हटलेली ही पाच मिनिटं सुरूरच्या फाट्यापर्यंत चालायची. दोन पिढ्यांनी आत्यांच्या गाडी लागण्याकडे स्वभावदोष म्हणून बघितलं. "तुम्ही विचारच करू नका त्याचा," हा आमच्या घराण्यातला अधिकृत उपचार होता.

मग चकली आली.

तिला पहिल्यांदा गाडीतून नेलं ते लस टोचायला. दुसऱ्यांदाही लस टोचायलाच. पुढे जंताचं औषध, मग कानाचं दुखणं. गाडी नावाच्या खोलीत कोंडतात, खोली हलते, पोट ढवळतं, आणि दार उघडलं की पुढे सुई असते, एवढं भूगोलाचं ज्ञान तिला चार महिन्यांची होईपर्यंत झालं. रशियाच्या इव्हान पावलोव्हना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्या प्रयोगांत त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडण्याआधीच, ते घेऊन येणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच कुत्र्यांना लाळ सुटते. आम्हाला यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर झोपलेली चकली, खाली पार्किंगमध्ये आमची गाडी रिमोटने "टुक टुक" वाजली, की लाळ गाळायला लागायची. पावलोव्हच्या कुत्र्यांची लाळ आशेची होती. हिची धास्तीची.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की इथे दुखणी दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांचा हात धरून चालतात. एक, खरोखरची मळमळ. दोन, भीती. मळमळीमुळे गाडीची भीती बसते, आणि भीतीने पोट आणखी बिघडतं. लक्षणंही मिळतीजुळती. उलटी ही फार शेवटची पायरी. त्याआधी सारख्या जांभया, ओठ चाटत राहणं, लाळ, धापा, कुईकुई, अंग चोरून बसणं. मुलीने ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवली. आत्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे तर माझंच लिहिलंय सगळं."

डॉक्टरांचा उपाय ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला, कारण त्यात वेग कुठेच नव्हता. पहिले काही दिवस गाडी सुरूच करायची नाही. दारं उघडी ठेवून नुसतं आत बसायचं, खाऊ द्यायचा, उतरायचं. ते अंगवळणी पडलं की दार लावायचं. मग इंजिन चालू करायचं, पण हलायचं नाही. मग गेटपर्यंत जाऊन परत. प्रत्येक पायरीवर शेपटीचं वेटोळं शाबूत असेल तरच पुढची पायरी; सुटलं तर एक पायरी खाली.

आता पुण्याच्या सोसायटीत चार माणसं आणि एक कुत्री उभ्या गाडीत रोज संध्याकाळी अर्धा तास गप्प बसून राहिली, तर काय होतं याची कल्पना बाहेरच्यांना यायची नाही. पहिल्या दिवशी वॉचमनने वाकून विचारलं, "साहेब, किल्ली हरवली का?" दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी येऊन गेले. घरात भांडण झालंय आणि वरच्या मजल्यावर पोचू नये म्हणून ही मंडळी गाडीत बसून भांडतात, असा निष्कर्ष निघाला. तो आम्ही खोडला नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी अधिक काळजी केली असती. आत्यांना मात्र हा कार्यक्रम फार आवडला. अजिबात न हलणाऱ्या गाडीत बसायला मिळणं ही त्यांची आयुष्यभराची इच्छा होती. त्या विणकाम घेऊन यायच्या.

पुढची पायरी होती गाडीने चांगल्या ठिकाणी जाणं, म्हणजे सुई आणि गाडी यांची गाठ सुटावी. आम्ही वेताळ टेकडी निवडली. कोथरूडकर टेकडीवर चालायला गाडीने जातात, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. टेकडीवर एआरएआय आहे, मोटारगाड्यांची चाचणी करणारी राष्ट्रीय संस्था. आत ते लोक गाड्या तपासत असतात, बाहेर आम्ही गाडीतली कुत्री तपासत होतो. मोर ओरडला, ससा दिसला, बाभळीखाली वास घ्यायला शंभर गोष्टी, आणि टोचायला कुणीही नाही. चकलीच्या भूगोलात दुरुस्ती होऊ लागली. रिमोटच्या आवाजावर पहिल्यांदा शेपटी हलली, तेव्हा मुलीने आनंदाने पेढे आणले. चकलीला मिळाले नाहीत, कारण गोड बंद.

खाण्यावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. डॉक्टरांचं म्हणणं, निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी चालेल. आत्यांचा अनुभव नेमका उलटा, उपाशी पोटी जास्त ढवळतं. त्यातून प्रवासाला निघताना हातावर दही-साखर ठेवायची चाल. आम्ही सगळे दही चाटणार आणि तिच्या तळव्यावर नाही, हे आत्यांना पटेना. दाराशी उभ्या राहून त्या वाटी पुढे करतायत, मुलगी ती मागे ओढतेय, आणि चकली दोघींकडे आलटून पालटून बघतेय. तुपाची वाटी घेऊन धावताना नामदेवांच्या वाटेत कुणी मुलगी पशुवैद्यकाचा कागद घेऊन उभी नव्हती, म्हणून ती गोष्ट नीट पार पडली.

लिंबाचा प्रयोगही आत्यांनीच केला. घाटात त्या लिंबू हुंगतात, म्हणून मायेने ते चकलीच्या नाकाशी नेलं. बऱ्याच कुत्र्यांना लिंबासंत्र्याचा वास सहन होत नाही. चकली सीटखाली जी गेली ती सोसायटीत परत आल्यावरच निघाली. त्या दिवसापासून आमच्या गाडीच्या बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीलाही ती वळसा घालून जाते. बाहेरच्या पीडेसाठीचा उपाय आतल्याच सवारीला लागू पडला.

ॲव्होमिनच्या अर्ध्या गोळीचा प्रस्ताव डॉक्टरांनी ऐकताक्षणी फेटाळला. माणसांची गोळी स्वतःच्या अंदाजाने कुत्र्याला कधीच द्यायची नाही, कुठलीच. कुत्र्यांच्या उलटीसाठी मारोपिटंट नावाचं वेगळं औषध असतं, ते वजन बघून आणि तपासून देतात. पण ते पोट धरून ठेवतं, भीती घालवत नाही. भीतीसाठी औषधं निराळी, तीही त्यांच्याच हातची. "आणि नुसती गुंगी आली म्हणजे कुत्रा शांत झाला असं समजू नका," ते म्हणाले. "अंग ढिलं पडतं, आत घाबरलेलाच असतो." यावर आत्या बराच वेळ डॉक्टरांकडे बघत राहिल्या. त्यांना तो माणूस फार आवडला.

नवऱ्याने मध्येच एक पर्याय काढला: रेल्वे. नियम असा, की कुत्र्याला पहिल्या वर्गात नेता येतं, पण दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्णच्या पूर्ण आपल्या नावावर हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. "म्हणजे हिच्यासाठी अख्खा फर्स्ट क्लास?" आत्यांनी विचारलं. त्या स्वतः जन्मात फर्स्ट क्लासमध्ये बसलेल्या नाहीत. वाईला रेल्वे जात नाही, जवळचं स्टेशन वाठार, हे आठवल्यावर विषय मिटला, पण आत्यांच्या नजरेतलं चकलीचं वजन त्या दिवशी वाढलं.

संगीताचा मुद्दा मुलीने आणला. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडची प्राणीरक्षण संस्था यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आसरागृहातल्या कुत्र्यांना त्यांनी पाच प्रकारचं संगीत ऐकवलं, हृदयाच्या ठोक्यांवरून ताण मोजला, आणि सगळ्यांत जास्त स्वस्थता सॉफ्ट रॉक आणि रेगे या दोन प्रकारांना दिसली. आमच्या गाडीत तोवर दोनच प्रकार वाजत, किशोरकुमार आणि नाट्यसंगीत. नाट्यसंगीतात तान सुरू झाली की चकली तोंड वर करून साथ द्यायची. ती सुरात असायची, पण शांत म्हणता आलं नसतं. अखेर खंबाटकी घाटात बॉब मार्ली लागला. आत्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हा कुठल्या घराण्याचा?"

"जमैकाचा," मुलगी म्हणाली.

"बरा आहे. घाईत नाही."

गॉगल घ्यायचा हट्टही मुलीचाच, आणि त्यालाही इतिहास होता. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचा डॉक्टर मोटारीने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला गेला. अमेरिका मोटारीने आडवी ओलांडणारा तो पहिला. वाटेत आयडाहोमध्ये त्याने बड नावाचा बुलडॉग बरोबर घेतला, आणि धुळीने त्याचे डोळे लाल व्हायला लागले म्हणून त्याला गॉगल लावला. सगळ्या प्रवासाला ६३ दिवस लागले. त्या काळी तिकडे धड रस्तेच नव्हते. आपल्याकडे आहेत, पण खालून सतत काहीतरी काढायचं राहिलेलं असतं. खिडकीबाहेर तोंड काढलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत कचरा आणि खडे जातात हे बडच्या काळाइतकंच आजही खरं. आमची तडजोड अशी झाली, की तोंड आत, काच दोन बोटं खाली, गॉगल नाही. चकलीच्या छातीला हार्नेस आणि त्याला सीटबेल्टची कडी. गळ्याच्या पट्ट्याला नाही, कारण ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो.

या सगळ्यात खरा बदल घडला तो पुढच्या सीटवर. ज्या माणसाने सख्ख्या आत्यासाठी कधी चौथा गियर सोडला नाही, तो आता आरशात चकलीची शेपटी बघून गाडी चालवू लागला. निघताना मागे वळून विचारायचा, "हिचा पट्टा लावला ना?" मागच्या सीटवरचा पट्टा माणसांनाही सक्तीचा आहे, हे त्याला तेव्हाच आठवलं. पुण्यातले गतिरोधक त्याला पहिल्यांदा दिसले. रस्त्यांच्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी जाते. आपल्याकडे तो ज्या सोसायटीसमोर असेल तिथल्या रहिवाशांच्या रागाइतका उंच असतो. पूर्वी नवरा तो उडवून पार करायचा आणि आत्यांचं डोकं छताला लागायचं. आता तो प्रत्येकाशी जवळजवळ थांबतो आणि आधी मोठ्याने सांगतो, "येतोय हं, येतोय." हे चकलीला उद्देशून असतं. पण "हं" आत्या म्हणतात.

चांदणी चौकातून बाहेर पडताना २०२३ सालच्या नव्या पुलांपैकी नेमका कुठला आपला, यावर पूर्वी गाडीत आरडाओरडा व्हायचा. आता आवाज चढवायला बंदी, कारण चकली. चुकला तर चुकला, कुजबुजत पुढे जायचं आणि वळून यायचं. परतताना नवले पुलाचा उतार त्याने चाळीसने उतरला तेव्हा मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने काच खाली करून काहीतरी विचारलं. नवऱ्याने शांतपणे मागच्या सीटकडे बोट दाखवलं. टेम्पोवाल्याला वाटलं आजी आजारी आहेत. त्याने हात जोडले.

तासाभराने थांबायचं, सावली बघायची, पाच मिनिटं चालवायचं, पाणी द्यायचं. चकली उतरली की आत्या उतरतात. सारोळ्याला नीरा ओलांडल्यावर एका झाडाखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या, "इथे नदी एवढी रुंद आहे होय? मी आजवर हा पूल डोळे मिटूनच गेले." चकली गवत हुंगत होती, आत्या आलेपाक चघळत होत्या, नवरा घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. वाईला जाताना खंबाटकी घाट चढावा लागायचा, परतीच्या वाटेवर बोगदा. म्हणजे हिशोबाने जातानाचंच दुखणं. त्या दिवशी घाट चढून झाला तेव्हा चकलीने एकही जांभई दिली नव्हती, आणि आत्यांनी पिशवीची घडी मोडली नव्हती. दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळे पहिलीचं कौतुक करत होते.

जेवणाचा प्रश्न तेवढा बिकट. कुत्र्याला गाडीत ठेवून सगळ्यांनी आत जायचं नाही, हा नियम. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या, बंद गाड्यांच्या आतलं तापमान मोजलं होतं. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेरच अडतीस-एकोणचाळीस असतं. पुढची बेरीज करवत नाही. त्यामुळे सातारा रस्त्यावर आम्ही पाळीपाळीने जेवतो, दोघं आत, दोघं बाहेर झाडाखाली चकलीबरोबर. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा. प्राण्याला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली त्या रस्त्यावर नुसता जादा पाव आणि कट येतो. कायद्याच्या धाकाने कुणी सुधारेल असं दिसत नाही. आमच्याकडे मुलीचा धाक आहे.

असे महिने गेले आणि चकली दीड वर्षाची झाली. कान तयार झाले म्हणा, टेकडी कामी आली म्हणा किंवा बॉब मार्ली, पण ती सुधारली. रिमोट वाजला की आधी दाराशी तीच. वारज्याच्या आत झोप लागलेली, चारी पाय वर, शेपटीला झोपेतही दीड वेटोळं. घरात आनंद झाला. आणि नवऱ्याने, मी डोळ्यांनी बघितलं, कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर हळूच ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. साठ. सत्तर. पंच्याऐंशी.

"बाबू," मागून आवाज आला, "जांभई दिली रे हिने."

पाय उचलला गेला. मी मागे वळून बघितलं. चकली घोरत होती. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या, गालात आवळासुपारी. आमची नजरानजर झाली, पण मी काही बोलले नाही. मलाही त्या वेगात पुस्तक वाचता येत नाही.

नंतर हे नियमाने होऊ लागलं. खेड-शिवापूरला ती ओठ चाटायची. शिरवळला तिला किंचित धाप लागायची. लक्षणांची यादी आत्यांना पाठ होती आणि त्या एकच लक्षण लागोपाठ दोनदा वापरत नसत, शिक्षिकेची शिस्त. नवऱ्याला संशय येऊ लागला. चकली पूर्ण बरी झाल्याचं डॉक्टरांनीच सांगावं, म्हणून त्याने तपासणीची वेळ घेतली. आत्या म्हणाल्या, मीही येते, तिला माझी सवय आहे.

डॉक्टरांनी वजन केलं, कान बघितले, शेपटी बघितली. "छान आहे की. प्रवासात लाळ गाळते का अजून?"

"अजिबात नाही," नवरा म्हणाला.

"गाळते," आत्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं. "कधी?"

"ऐंशीच्या पुढे गेली की."

डॉक्टरांनी चकलीकडे बघितलं. मग आत्यांकडे आणि त्यांच्या पर्समधून डोकावणाऱ्या अर्ध्या लिंबाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि केसपेपरवर लिहिलं: वेग साठच्या आत ठेवावा, दर तासाला थांबावं, वर्षभर चालू.